मेंदूतली खूण आणि माणसाचा शब्द

मंडळी, आजचा विषय डॉक्टरांचा आणि बोलायला उभे आहोत आम्ही, म्हणजे उभी हयात तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवलेले मास्तर. तेव्हा आमचा याच्याशी संबंध काय, ते आधी सांगून टाकतो.

गंभीर नैराश्यावर औषधे आणि समुपदेशन दोन्ही थकली की मेंदूला बाहेरून चुंबकाने किंवा आतून विजेने चेतना देऊन उपचार करतात. ही चेतना कुठे द्यायची, किती द्यायची, केव्हा द्यायची हे आजवर डॉक्टर अनुभवाने ठरवत आले. आता दावा असा आहे की हे सगळे मेंदूतली एखादी मोजता येणारी खूण ठरवील. डॉक्टरमंडळी तिला बायोमार्कर म्हणतात. पण खुणेवरून न दिसणारी गोष्ट ओळखायची, हा व्यवहार फार आधीपासून आमच्या घराण्यातला आहे. न्यायदर्शनात त्याला अनुमान म्हणतात आणि खुणेला लिंग. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे उदाहरण तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणार. नैयायिक तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी उलटे विचारले, की जिथे अग्नी तिथे धूर असतोच का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग धूर केव्हा येतो? सरपण ओले असेल तेव्हा. या ओल्या सरपणाला ते उपाधी म्हणतात. म्हणजे संबंध दिसतो दोघांत, पण तो उभा असतो तिसऱ्याच्या जिवावर. हे ओले सरपण आज शेवटपर्यंत लक्षात ठेवा, आम्हाला ते पुन्हा लागणार आहे.

थोडी माहिती आधी. चुंबकाचा जो प्रकार, टीएमएस, त्याची सुरुवात १९८५ सालची. शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याबाहेर धरलेल्या तारेच्या वेटोळ्याने मेंदूला चेतना देऊन हाताचा स्नायू हलवून दाखवला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यासाठी त्याला परवानगी दिली ती २००८ साली. यात भूल नाही, कापाकापी नाही. दुसरा प्रकार डीप ब्रेन स्टिम्युलेशन, डीबीएस. त्यात कवटीला भोक पाडून बारीक तारा मेंदूत खोल नेतात आणि बॅटरी छातीच्या कातडीखाली बसवतात. पार्किन्सनच्या रोग्यांत हे तुम्ही पाहिले-ऐकले असेल.

नैराश्यासाठी डीबीएसची गोष्ट सुरू होते टोरोंटोत. हेलन मेबर्ग आणि शल्यविशारद आंद्रेस लोझानो यांनी २००५ साली सहा रोग्यांचा अनुभव छापला. मेंदूच्या मध्यभागी, कपाळामागे खाली, एक छोटा पट्टा आहे. जुन्या नकाशात त्याचा क्रमांक २५. तिथे वीज दिल्यावर सहापैकी चौघे सहा महिन्यांनीही सुधारलेले होते. हे असे रोगी होते की ज्यांना कशाचाच गुण आला नव्हता. जगभर खळबळ झाली, आणि ती वाजवी होती. मग एका कंपनीच्या पैशाने मोठी, रीतसर चाचणी झाली. ९० जण. तारा नव्वदही जणांच्या डोक्यात घातल्या. त्यांपैकी ६० जणांच्या चालू केल्या आणि ३० जणांच्या सहा महिने बंद ठेवल्या. कोणाच्या चालू, कोणाच्या बंद, हे रोग्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. निकाल २०१७ साली छापून आला. चालू असलेल्यांत सुधारले २० टक्के, बंद असलेल्यांत १७ टक्के. चाचणी मध्येच थांबवली होती, कारण पुढे चालवून काही हाती लागेलसे दिसत नव्हते. त्याच्या दोन वर्षे आधी मेंदूतल्या दुसऱ्या एका जागेवरची, ३० जणांची चाचणीही अशीच निष्फळ ठरली होती.

पण गंमत पुढेच आहे. त्या नव्वद जणांना सोडून दिले नाही. सगळ्यांच्या तारा चालू केल्या आणि दोन वर्षे पाठपुरावा केला. तेव्हा जवळजवळ निम्मे सुधारलेले दिसले. आता याचा अर्थ काय लावायचा? उपचार खरा आहे पण सावकाश चालतो, की दोन वर्षे कुणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे याचाच गुण आला? या प्रश्नाला उत्तर नव्हते. का नव्हते? कारण वीज मेंदूत काय करते आहे ते आतून बघायची सोयच नव्हती. बाहेरून माणसाला विचारायचे, आज कसे वाटते आहे? तो सांगणार, कालपेक्षा बरे. की बॅटरीचा आकडा वाढवायचा किंवा कमी करायचा. खुणेची भूक जी लागली ती इथे. ती खोटी भूक नाही, हे आम्ही टीकेच्या आधीच कबूल करतो.

या भुकेवर दोन प्रयोग पुढे आले. दोन्ही नीट समजून घेऊ, कारण वर्तमानपत्रांतून ते 'मेंदूचा पेसमेकर' या एका शब्दात गुंडाळले गेले.

पहिला २०२१ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. एक रोगी, ३६ वर्षांची बाई. तिच्या मेंदूत दहा दिवस ठिकठिकाणी तारा ठेवून नोंदी घेतल्या. या दहा दिवसांत तिला वारंवार विचारत होते, आता कसे वाटते आहे? तिची उत्तरे आणि मेंदूतल्या लहरी शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा दिसले की लक्षणे वाढतात तेव्हा अमिग्डला नावाच्या भागात गॅमा जातीच्या जलद लहरी वाढतात. मग यंत्र बसवले. त्या लहरी दिसल्या की यंत्र आपोआप दुसऱ्या एका भागात सहा सेकंद वीज सोडते. दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटे. तिची नैराश्याची गुणसंख्या ३६ वरून बारा दिवसांत १४ वर आली आणि काही महिन्यांत दहाच्या खाली गेली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा आपोआप हसू फुटले, असे तिने सांगितले. त्या हसण्यावर शंका घ्यायचे आम्हाला काही कारण दिसत नाही.

दुसरा २०२३ सालचा, मेबर्ग यांच्याच गटाचा. दहा रोगी, तोच पंचवीस क्रमांकाचा पट्टा, २४ आठवडे. या वेळी यंत्र असे की ते वीजही देते आणि जागेवरच्या लहरीही टिपते. दहापैकी नऊ सुधारले, सात जण तर मापनीप्रमाणे रोगमुक्त झाले. पण चाचणी उघडी होती. सगळ्यांच्या तारा चालू होत्या आणि ते सगळ्यांना माहीत होते. म्हणून हा नव्वद टक्क्यांचा आकडा मघाच्या वीस टक्क्यांशेजारी ठेवून टाळ्या वाजवू नका. या अभ्यासाचे खरे महत्त्व निराळे आहे. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या, म्हणजे आजारी अवस्थेतल्या लहरी आणि शेवटच्या आठवड्यांतल्या, म्हणजे बऱ्या अवस्थेतल्या लहरी संगणकाला शिकवल्या, आणि त्याने दोहोंतला फरक सांगणारी एक खूण काढून दिली. मोजक्या जणांच्या नोंदींवर, पण दिली. आणि एक रोगी असा निघाला की जो चार महिने उत्तम होता आणि मग पुन्हा कोसळला. नंतर त्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की खूण सुमारे महिनाभर आधीच बिघडली होती. तो माणूस स्वतः बरे वाटते म्हणत होता, तेव्हा.

'नंतर तपासल्या' हे शब्द अधोरेखित करा. या अभ्यासात खुणेने उपचाराला दिशा दिली नाही. उपचार नेहमीच्याच रीतीने झाला आणि खूण मागाहून सापडली. 'खुणेने दिशा दिलेला उपचार' हे अजून तरी वचन आहे.

आता टीकेकडे येऊ. सुरुवात त्या ओल्या सरपणापासून करतो. संगणकाला शिकवले काय? आधीच्या लहरी आणि नंतरच्या लहरी. पण आधी आणि नंतर यांच्यात फक्त आजार आणि आरोग्य एवढाच फरक असतो का? आधी शस्त्रक्रिया ताजी असते, नंतर जखम भरलेली असते. आधी मेंदू तारेला नवखा असतो, नंतर सरावतो. मधल्या काळात कित्येक महिने वीज वाहून गेलेली असते. म्हणजे संगणकाने ओळखली ती बरे होण्याची खूण, की नुसत्या काळाची? या आक्षेपाला अभ्यासाकडे एक चांगले उत्तर आहे, आणि ते म्हणजे तो कोसळलेला रोगी. काळ पुढेच गेला होता, खूण मागे गेली. खूण नुसत्या काळाची असती तर ती मागे कशाला जाईल? उत्तर दमदार आहे. पण ते एका माणसाचे आहे. पाकशाळेतला एक चुलीचा अनुभव घेऊन व्याप्ती सिद्ध होत नाही, एवढे न्यायाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्याच लेखात रोग्यांच्या चेहऱ्यावरचे भावही चित्रफितींवरून मोजले होते आणि ते खुणेच्या बरोबरीने बदलत गेले असे आढळले. हा दुसरा, स्वतंत्र साक्षीदार. आम्हाला हा भाग सगळ्यात आवडला, आणि नेमकी त्याचीच चर्चा कमी झाली.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. खूण बरोबर की चूक, हे कशाशी ताडून ठरवले? हॅमिल्टन मापनीशी. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली बनवलेली ही प्रश्नांची यादी. प्रश्न १७, गुण जास्तीत जास्त ५२. डॉक्टर विचारतो, रोगी सांगतो, डॉक्टर गुण देतो. या सतरांत तीन प्रश्न झोपेचे आहेत, त्यांचेच सहा गुण. म्हणजे नुसती झोप आणणारी गोळी दिली तरी नैराश्य 'कमी' झालेले दिसेल! आम्ही काही मापनीची थट्टा करत नाही. साठ वर्षे तिच्यावर जगाचा कारभार चालला आहे. मुद्दा इतकाच की मेंदूतल्या खुणेचा पाया शेवटी माणसाच्या बोलण्यावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाईंची खूण तर तिच्याच उत्तरांतून विणलेली. मग शब्दावर उभी असलेली खूण उद्या त्याच शब्दाला खोटे कशी पाडणार?

इथे हुशार श्रोता म्हणेल, मास्तर, तापमापकाचे काय? तोही सुरुवातीला हाताला काय गरम लागते, काय गार, यावरच बेतला. आज हात चुकतो आणि तापमापक बरोबर ठरतो. एक हात बर्फात आणि एक गरम पाण्यात बुडवून मग दोन्ही कोमट पाण्यात घाला. एक हात म्हणेल गरम, दुसरा म्हणेल गार. आपण तापमापकाचे ऐकतो. आक्षेप अगदी रास्त आहे. हासोक चँग या तत्त्वज्ञाने २००४ साली 'इन्व्हेन्टिंग टेम्परेचर' नावाचे पुस्तक लिहिले, ते सगळे याच कोड्यावर आहे. तापमापक बरोबर आहे हे तापमापक नसताना ठरवले कसे? त्यात एकोणिसाव्या शतकातल्या व्हिक्टर रेन्यो या फ्रेंच संशोधकाचे काम आहे. रेन्योने काय केले, तर आधी सिद्धांताचे गुऱ्हाळ लावले नाही. त्याने कसोटी ठेवली की एकाच जातीचे, पण निरनिराळ्या बनावटीचे तापमापक एकाच ठिकाणी ठेवले तर एकच आकडा दाखवतात का? जी जात आपसांतच भांडते ती बाद.

आता हीच कसोटी मेंदूच्या खुणांना लावा. २०१७ साली एक गाजलेला अभ्यास आला. ११८८ जणांच्या मेंदूंच्या एमआरआयवरून नैराश्याच्या चार जैविक जाती आहेत, आणि कोणत्या जातीला टीएमएसचा गुण येईल ते आधी सांगता येते, असा त्याचा दावा. दोन वर्षांनी हॉलंडमधल्या संशोधकांनी आपल्या १८७ रोग्यांवर तीच रीत वापरून पाहिली. चार जाती काही उभ्या राहिल्या नाहीत. एवढे अनेक आकडे एकत्र घुसळले की लोणी असो-नसो, फेस येतोच, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश, उपमा आमची. त्याही आधीची गोष्ट घ्या. १९८१ साली बर्नार्ड कॅरोल यांनी खोल नैराश्यासाठी रक्ताची तपासणी सुचवली होती. रात्री डेक्सामेथासोनची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल दबतो का पाहायचे. मानसोपचाराला अखेर प्रयोगशाळेतली चाचणी मिळाली, असा तेव्हा उत्साह होता. पुढे दिसले की वजन घटलेल्या माणसात, स्मृतिभ्रंशात, दारू सोडताना, अशा कितीतरी प्रसंगी ही चाचणी तेच उत्तर देते. काही वर्षांत ती मागे पडली. न्यायाच्या भाषेत हा सव्यभिचार हेतू, म्हणजे जिथे साध्य नाही तिथेही हजर असणारा.

चुंबकाची जागा खुणेवरून ठरवण्याचे काय झाले? तिथे दोन निकाल शेजारी ठेवावे लागतात. स्टॅनफर्डच्या गटाने प्रत्येक रोग्याचा एमआरआय पाहून, पंचवीस क्रमांकाच्या पट्ट्याशी उलटा संबंध असलेला बिंदू शोधून, दिवसाला दहा वेळा असे पाच दिवस टीएमएस दिले. २०२२ साली छापलेल्या चाचणीत २९ जण होते. चार आठवड्यांनी खरा उपचार मिळालेल्यांची गुणसंख्या सरासरी ५२.५ टक्के उतरली, लटका उपचार मिळालेल्यांची ११.१ टक्के. त्याच वर्षी परवानगीही मिळाली. मोठा फरक आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण गुण कशाचा? त्यांनी जागाही बदलली, मात्राही वाढवली, वेळापत्रकही बदलले. आमटीत तीन नवे मसाले एकदम घातले आणि आमटी फर्मास झाली, तर श्रेय कोणत्या मसाल्याला द्यायचे?

ब्रिटनमध्ये २५५ जणांवर चाचणी झाली, २०२४ साली निकाल छापला. तिथे एका गटाला मेंदूतल्या जोडण्यांच्या नकाशावरून जागा ठरवून उपचार, दुसऱ्या गटाला साध्या एमआरआयवरून नेहमीची जागा शोधून उपचार. चुंबकाची लय दोन्हीकडे वेगळी होती, पण त्या दोन लयी सारख्याच गुणकारी आहेत हे २०१८ सालच्या ४१४ जणांच्या चाचणीत दिसलेले होते. सव्वीस आठवडे पाहिले. दोन्ही गट सुधारले आणि दोहोंत फरक निघाला नाही. कोणी म्हणेल, त्यांची खूण वेगळी होती, स्टॅनफर्डची वेगळी. खरे आहे. पण मग 'खुणेने दिशा दिलेला उपचार श्रेष्ठ' असे सरसकट वाक्य कुणी उच्चारू नये. कोणती खूण, ते सांगावे. आम्हाला राग येतो तो संशोधकांचा नाही, त्यांनी आपापले निकाल प्रामाणिकपणे छापले. राग येतो तो 'तुमच्या मेंदूचा नकाशा काढून अचूक उपचार' अशा जाहिरातींचा. पुण्या-मुंबईत त्या आता दिसू लागल्या आहेत. जाहिरातीतला रंगीत मेंदू पाहून माणूस हरखतो. त्याने एवढेच विचारावे की नकाशा न काढता हाच उपचार दिला तर निकाल किती कमी लागतो, आणि हे कुणी तुलना करून पाहिले आहे?

आता तिसरा मुद्दा, ज्यासाठी हे व्याख्यान ठरवले तो. खूण ओळखणे एक आणि खुणेवर उपचार करणे दुसरे. धूर पुसून काढला म्हणजे आग विझली असे नाही. हृदयरोगाच्या क्षेत्राने हा धडा फार महागात घेतला. झटका येऊन गेलेल्या माणसांत हृदयाचे अवेळी ठोके ही मृत्यूची खूण होती. ठोके दाबणारी औषधे आली आणि ती ठोके खरोखर दाबत. मग चाचणी केली. १९९१ साली छापलेल्या निकालात एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. खूण सुधारली आणि माणसे गेली.

मेंदूचेही उदाहरण आहे, आणि ते आजच्या यंत्राचा आजोबाच म्हणावे असे आहे. येल विद्यापीठात होसे देल्गादो नावाचे शास्त्रज्ञ होते. दूरनियंत्रकाने बैल थांबवून दाखवला म्हणून जगप्रसिद्ध. १९७० च्या सुमारास त्यांनी एका चिंपांझीच्या मेंदूत तारा घालून त्या संगणकाला जोडल्या. अमिग्डलात एक ठरावीक लहर दिसली की संगणक मेंदूच्या दुसऱ्या भागात त्रासदायक चेतना सोडी. काही दिवसांत ती लहर जवळजवळ नाहीशी झाली. प्रयोग यशस्वी! आणि चिंपांझी? तो मंद झाला, लक्ष देईना, कामात रस घेईना. पन्नास वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत अमिग्डलाचीच लहर टिपून आपोआप वीज सोडली, हा योगायोग आहे. हेतू, यंत्र, वीज, सगळे वेगळे आहे आणि ती बाई हसली, मंदावली नाही. पण हे आपल्याला कळले कशावरून? तिने सांगितले म्हणून. चिंपांझीला विचारायची सोय नव्हती.

ते यंत्र मुळात अपस्माराचे होते, तिथून उसने घेतलेले. अपस्मारात मेंदूतला विजेचा उद्रेक ही खूण नाही, तोच आजार आहे, किंवा आजाराच्या अगदी अंगाला लागून आहे. तो दाबला की फिट थांबली, आणि थांबली हे घरातल्या सगळ्यांना दिसते. पार्किन्सनमध्येही लहरींवरून आपोआप वीज कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला २०२५ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. तिथे हाताचा ताठरपणा डॉक्टर बोटांनी तपासू शकतो. नैराश्यात असे बाहेरून तपासण्यासारखे काय आहे? काही आहे. झोप, भूक, चालण्याचा वेग, बोलण्यातले अंतर. या बाबतीत माणूस स्वतःबद्दल चुकू शकतो, कोमट पाण्यातल्या हातासारखा. रात्रभर डोळा लागला नाही म्हणणारा माणूस चार तास घोरत असतो, हे घरोघरी ठाऊक आहे. पण 'जगावेसे वाटत नाही' हे वाक्य? ते तापमानासारखे नाही, वेदनेसारखे आहे. दात दुखतो आहे म्हणणाऱ्याला यंत्र दाखवून 'तुमचा दात दुखत नाही' असे सांगता येत नाही. कारण दुखणे म्हणजेच ते वाटणे. नैराश्याचे एक अंग तापाचे आहे आणि एक वेदनेचे, आणि सगळा घोळ हा की एकच गुणसंख्या काढताना दोन्ही एकाच टोपलीत पडतात.

म्हणून आमचे म्हणणे असे. खूण उद्याबद्दल बोलत असेल तर तिचे ऐकावे. आजबद्दल बोलत असेल आणि माणूस उलट सांगत असेल, तर वेदनेच्या अंगापुरता माणूस खरा धरावा. २०२३ च्या त्या रोग्याचे उदाहरण पुन्हा पाहा. तो म्हणत होता बरे आहे, खूण म्हणत होती बिघडते आहे. सकृद्दर्शनी भांडण दिसते, पण भांडण नाही. तो आजचे सांगत होता, खूण पुढच्या महिन्याचे. समुद्र शांत आहे म्हणणारा कोळी आणि वादळाचा बावटा लावणारे बंदर, दोघेही खरे असू शकतात. खुणेचा उपयोग असा बावट्यासारखा करणे हा आम्हाला या सगळ्या संशोधनातला सगळ्यात आशेचा भाग वाटतो. जागा शोधण्यापेक्षाही जास्त. उलट जे यंत्र क्षणोक्षणी खूण पाहून स्वतःच वीज सोडते, ते आजवर बोलते, आणि कुणाला न विचारता बोलते. तिथे माणसाला नियमित, निवांत, मापनीच्या सतरा प्रश्नांच्या बाहेर जाऊन विचारत राहणे ही यंत्राच्या सोबतची अट असली पाहिजे.

आपल्याकडे हे कुठे येऊन ठेपते? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बारा राज्यांत झाले, त्यात महाराष्ट्र नव्हता. निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. जिथे साधी गोळी पोचत नाही तिथे तारांची चर्चा कशाला, असे विचारणारे भेटतात. आम्हाला तो युक्तिवाद पटत नाही. तारा मोजक्यांना का होईना बसणार आहेत, आणि नियम आधी ठरलेले बरे.

नियमांत आपण अगदीच मागे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ९६ सांगते की मानसिक आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर त्या व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती हवी आणि मंडळाची मंजुरीही हवी. कलम २५ प्रमाणे आपल्या उपचाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. मेंदूतल्या लहरींची महिनोन्महिन्यांची नोंद यात धरायची की नाही? आमच्या मते धरलीच पाहिजे, आणि ती वाचून दाखवणारा माणूसही दिला पाहिजे. नुसत्या आलेखाचे भेंडोळे हातात ठेवणे म्हणजे नोंद देणे नव्हे.

आणि कलम ५. मला असा असा उपचार द्यावा, असा असा देऊ नये, असे आधी लिहून ठेवण्याची सोय या कलमात आहे. आम्हाला वाटले होते की आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळेल. रोग्याने बरा असताना लिहून ठेवावे, 'यंत्राचा बावटा लागला आणि मी मात्र ठीक आहे म्हणालो, तर बावट्याचे ऐका.' म्हणजे खुणेला अधिकार मिळेल तोही माणसाच्याच शब्दाने. पण कलम पूर्ण वाचा. हे लिहिलेले लागू होते ते त्या व्यक्तीची निर्णय घेण्याची क्षमता गेल्यावर. आपला रोगी त्या महिनाभरात पूर्ण शहाणा आहे, हिंडतो-फिरतो आहे, आपले निर्णय घेतो आहे. तेव्हा त्याचा आजचा 'नको' त्याच्या कालच्या 'हो'ला रद्द करतो. कायदेपंडित इथे दोन-तीन बसलेले दिसतात. त्यांनी यावर काही सांगावे. आमच्या समजुतीने त्या महिन्यापुरता डॉक्टरकडे एकच मार्ग उरतो. आलेख टेबलावर ठेवायचा, समोर बसायचे, आणि पटवायचे. पटले नाही तर दर आठवड्याला पुन्हा बोलवायचे. त्याला न सांगता बॅटरीचा आकडा वाढवायचा नाही, वाढवल्याचे त्याला जाणवणार नसले तरीही.

तारा आणि बॅटरी यांच्या पुढच्या खर्चाचा प्रश्न आम्ही मुद्दाम सोडला आहे. चाचणी संपली, कंपनीने हात काढून घेतला, तर डोक्यातल्या यंत्राचे काय, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. घड्याळ आमच्याकडे पाहते आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. डॉक्टरमंडळींनी आधी विचारावेत, म्हणजे आमची परीक्षा लवकर आटपेल.